प्रश्न तुमचे: तिन्ही फंक्शन्स एकच आकडा का सांगतात?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की फंक्शनच्या आत दुसरं फंक्शन लिहिलं तर ते बाहेरच्या फंक्शनची व्हेरिएबल्स वापरू शकतं, आणि बाहेरचं फंक्शन संपून गेलं तरी वापरत राहतं, याला क्लोजर म्हणतात. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळी दुसरा विषय घ्यायची सोयच नाही. प्रश्न थोडे छाटलेत आणि नावं गाळलीत, राग नसावा.

ताई, जावास्क्रिप्टमध्ये फॉर लूप लावला, व्हार आय शून्यापासून, तीनपेक्षा कमी असेपर्यंत, आणि आत सेटटाइमआउट लावून आय प्रिंट केला. ०, १, २ येईल वाटलं तर ३, ३, ३ आलं. सर म्हणाले व्हारच्या जागी लेट टाक. टाकलं, चाललं. का चाललं ते विचारलं तर म्हणाले एवढं खोलात कुणी विचारत नाही. (बीसीए, तिसरं वर्ष, बार्शी)

विचारतात हो, इंटरव्ह्यूत हमखास विचारतात, आणि ज्याला फक्त "लेट टाका" एवढंच येतं तो पुढच्या प्रश्नाला अडकतो.

आधी टायमरचा (म्हणजे सेटटाइमआउटचा, जे ठरावीक वेळाने फंक्शन चालवतं) विषय डोक्यातून काढून टाका. बऱ्याच जणांना वाटतं की एक सेकंद थांबवलं म्हणून घोळ झाला. शून्य मिलिसेकंद दिलं तरी ३, ३, ३ च येणार, कारण चालू असलेला कोड पूर्ण संपल्याशिवाय रांगेतलं फंक्शन सुरूच होत नाही. म्हणजे लूप संपलेला, आय तीनवर पोचलेला (तीन झाला म्हणूनच तर लूप थांबला), आणि मग ती तीन फंक्शन्स एकामागून एक येऊन बघतात आयमध्ये काय आहे, तर तीन.

खरी गोष्ट अशी की त्या फंक्शनने आयची व्हॅल्यू पकडलेलीच नाही, आय हे व्हेरिएबल पकडलंय. वर्गातला फळा समजा. बाईंनी फळ्यावर शून्य लिहिलं आणि एका पोराला सांगितलं, तास संपला की येऊन फळ्यावरचा आकडा वाच, मग पुसून एक लिहिला, दुसऱ्या पोराला तेच सांगितलं, मग दोन लिहून तिसऱ्याला, आणि शेवटी तीन लिहून बाई निघून गेल्या. तास संपल्यावर तिघेही फळ्याकडे बघणार आणि तिघेही तीनच म्हणणार, यात पोरांचं काय चुकलं? व्हार म्हणजे हा फळा, तो लूपचा नसतो, अख्ख्या फंक्शनचा असतो, म्हणून एकच. लेटने काय केलं तर लूपच्या प्रत्येक फेरीला नवी पाटी दिली. आधीच्या पाटीवरचा आकडा नव्या पाटीवर उतरवला जातो, मग त्यात एक मिळवला जातो, आणि त्या फेरीत जन्मलेलं फंक्शन त्याच पाटीला धरून राहतं. नीट बघा, लेट आल्यावरसुद्धा फंक्शन व्हेरिएबलच पकडतंय, व्हॅल्यू नाही, फक्त व्हेरिएबल्स आता तीन आहेत.

खात्री करायची असेल तर एक गंमत करून बघा. लेटवाल्या लूपमध्ये आय लूपच्या ओळीत न ठेवता लूपच्या वर, बाहेर लेटने घ्या. परत ३, ३, ३. म्हणजे जादू लेट या शब्दात नाही, व्हेरिएबल कुठे जन्माला आलं यात आहे.

लेट आलं २०१५ च्या स्टँडर्डमध्ये. त्याआधी लोक लूपच्या आत एक फंक्शन लिहून ते जागेवरच कॉल करायचे आणि आय त्याला पॅरामीटर म्हणून द्यायचे, कारण प्रत्येक कॉलला पॅरामीटर नवा असतो. जुन्या प्रोजेक्टमध्ये असे कंसावर कंस चढवलेले दिसले तर हसू नका, ते त्या काळचं लेटच आहे.

पायथनमध्ये टीकेइंटरने पाच बटणं केली, लूपमध्ये, प्रत्येकाच्या कमांडला लॅम्डा दिला. लेबलं १ ते ५ बरोबर दिसतात पण कुठलंही दाबलं तरी ५ च येतं. इथे लेट नाही, मग काय करायचं? (अकाउंट्स विभागात काम, फावल्या वेळात पायथन, इचलकरंजी)

रोग तोच. लेबल बरोबर दिसतं कारण लेबल करतानाच आयची व्हॅल्यू वाचली गेली, लॅम्डाने, म्हणजे त्या बिननावाच्या छोट्या फंक्शनने, मात्र आय वाचला बटण दाबल्यावर, तोवर लूप संपून गेलेला. जावास्क्रिप्टमध्ये आय एक पाऊल पुढे जाऊन थांबतो, पायथनमध्ये रेंजमधल्या शेवटच्या आकड्यावरच राहतो, म्हणून तुम्हाला ६ न येता ५ आलं, बाकी फरक नाही. पायथनमध्ये लूपला स्वतःचा स्कोपच (नाव जिथवर दिसतं ती हद्द) नाही, आणि ते बदलायचं त्यांच्या मनातही दिसत नाही.

प्रचलित उपाय म्हणजे लॅम्डाच्या पॅरामीटरमध्ये आय बरोबर आय असं लिहायचं. दिसायला विचित्र दिसतं, पण डिफॉल्ट व्हॅल्यू फंक्शन बनतानाच एकदा काढून ठेवली जाते, नंतर नाही, म्हणून त्या क्षणाचा आकडा आत जातो. पण याला एक खोट आहे, आणि ती ट्युटोरियलवाले सांगत नाहीत. तुम्ही उद्या पायक्यूटी या बटणं-खिडक्यांच्या दुसऱ्या लायब्ररीकडे वळलात तर तिथलं बटण क्लिक झाल्यावर स्वतःहून एक आर्ग्युमेंट पाठवतं, चेक्ड आहे की नाही ते, आणि ते नेमकं तुमच्या डिफॉल्टवाल्या आयमध्ये जाऊन बसतं, मग आकड्याच्या जागी फॉल्स दिसतं आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. म्हणून मला फंक्टूल्समधलं पार्शल (फंक्शनमध्ये आकडा आधीच भरून ठेवणारं) जास्त आवडतं, किंवा सरळ एक छोटं फंक्शन लिहा जे आकडा घेतं आणि कमांड बनवून परत देतं. दोन ओळी वाढतात, पण सहा महिन्यांनी वाचताना कळतं तरी.

याच पत्रात पुढे विचारलंय की आतल्या फंक्शनमधून बाहेरच्या काउंटरमध्ये एक मिळवायला गेलं तर अनबाउंडलोकल एरर का येते. कारण पायथनमध्ये ज्या नावाला फंक्शनच्या आत काहीही असाइन केलं ते नाव लोकल धरलं जातं, त्या एका ओळीपुरतं नाही तर पूर्ण फंक्शनभर. मग एक मिळवण्यासाठी आधी वाचायला गेलात की ते लोकल अजून रिकामंच. बाहेरचंच हवंय हे नॉनलोकल लिहून सांगावं लागतं, आणि हा शब्द आला थेट पायथन ३ मध्ये, २००८ साली. नुसतं वाचायची सोय पायथन २.१ पासून, म्हणजे २००१ पासून होती. त्याआधी तर आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनची लोकल नावं दिसायचीच नाहीत, आणि तेव्हा हे आय बरोबर आय सगळीकडेच लिहावं लागायचं.

आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो की फंक्शन संपलं की त्याची लोकल व्हेरिएबल्स स्टॅकवरून जातात. आता तुम्ही म्हणता फंक्शन संपल्यावरही ती राहतात. मग राहतात कुठे? (निवृत्त प्राध्यापक, पास्कल आणि सी शिकवलं, अमरावती)

सर, तुम्ही शिकवलंत ते पास्कल आणि सीसाठी शंभर टक्के बरोबर आहे, आणि तुमचा प्रश्न या सगळ्या पत्रांमधला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न आहे.

पास्कलमध्ये प्रोसीजरच्या आत प्रोसीजर लिहिता येते, ती बाहेरची व्हेरिएबल्स वापरू शकते, आणि ती दुसऱ्या प्रोसीजरला पॅरामीटर म्हणून देताही येते. पण ती व्हेरिएबलमध्ये साठवता येत नाही आणि फंक्शनमधून परत करता येत नाही, आणि हा काही विसर पडलेला नाही. फंक्शन खालच्या दिशेलाच, म्हणजे पॅरामीटर म्हणून पुढेच जाणार असेल तर बाहेरच्या फंक्शनची फ्रेम (त्याच्या लोकल व्हेरिएबल्सची जागा) स्टॅकवर अजून जिवंत असणारच, म्हणजे स्टॅकवर भागतं. ते वर परत आलं तर फ्रेम गेलेली असते. लिस्प या जुन्या भाषेच्या जगात या भानगडीला फनआर्ग प्रॉब्लेम म्हणायचे. सीने तर मूळ स्टँडर्डमध्ये फंक्शनच्या आत फंक्शनच ठेवलं नाही, प्रश्नच मिटला.

क्लोजर हा शब्द पीटर लँडिन यांनी १९६४ च्या त्यांच्या पेपरमध्ये वापरला. कल्पना सोपी: फंक्शन म्हणजे नुसता कोड नाही, कोड आणि तो जिथे जन्मला तिथली नावं-व्हॅल्यूंची वही, दोन्ही मिळून एक वस्तू. सुरुवातीच्या लिस्पमध्ये असं नव्हतं, तिथे एखादं नाव दिसलं की ज्याने कॉल केला त्याच्याकडे शोधायचे, म्हणजे तेच फंक्शन दोन ठिकाणांहून बोलावलं की दोन वेगळे अर्थ. १९७५ मध्ये एमआयटीत सस्मन आणि स्टील यांनी स्कीम केली आणि त्यात नाव जिथे लिहिलंय तिथल्याच स्कोपमध्ये शोधायचं असं ठरवलं, आज आपण वापरतो त्या बहुतेक भाषा त्याच वाटेवर आहेत. सवय किती चिवट असते बघा, ईमॅक्स या एडिटरच्या लिस्पमध्ये ही सोय २०१२ च्या आवृत्ती २४ मध्ये आली, आणि तीही चालू करावी लागायची.

आता राहतात कुठे. हीपवर, म्हणजे फंक्शन संपलं तरी टिकणाऱ्या मेमरीत. पण भाषा हे वेगवेगळ्या पद्धतीने करतात आणि इथेच मजा आहे. गो या भाषेचा कंपाइलर आधीच तपासतो की हे व्हेरिएबल फंक्शनच्या बाहेर पळणार आहे का, पळणार असेल तर त्याला पहिल्यापासून हीपवरच जागा देतो, नाहीतर स्टॅकवर. पायथन अशा व्हेरिएबलसाठी सेल नावाची छोटी डबी करतं, बाहेरचं फंक्शन आणि आतलं फंक्शन दोघंही त्याच डबीकडे बोट दाखवतात, आणि फंक्शनच्या डबल अंडरस्कोर क्लोजर या ॲट्रिब्यूटमध्ये ती डबी उघडून आतली व्हॅल्यू बघताही येते, वर्गात दाखवायला फार छान. मला सगळ्यात देखणी वाटते ती ब्राझीलच्या लुआ या भाषेची पद्धत. तिथे बाहेरचं फंक्शन चालू असेपर्यंत व्हेरिएबल स्टॅकवरच राहतं, क्लोजर त्याच्याकडे नुसतं निर्देश करतं, आणि फंक्शन संपायच्या वेळी ती व्हॅल्यू उचलून क्लोजरच्या बाजूच्या एका छोट्या ऑब्जेक्टमध्ये हलवली जाते. दोन क्लोजर्सनी एकच व्हेरिएबल पकडलं असेल तर दोघांना तोच ऑब्जेक्ट मिळतो, त्यामुळे एकाने बदललं की दुसऱ्याला दिसतं. जे व्हेरिएबल कुठल्याच क्लोजरने पकडलं नाही त्याला हीपचा खर्चच नाही.

सी प्लस प्लस मात्र तुमच्या पिढीचा धाक अजून टिकवून आहे. २०११ पासून लॅम्डा आहे, पण काय पकडायचं ते चौकटी कंसात तुम्हीच सांगायचं, बरोबरचं चिन्ह दिलं तर कॉपी, अँडचं चिन्ह दिलं तर रेफरन्स. रेफरन्सने पकडून तो लॅम्डा फंक्शनमधून परत केलात तर व्हेरिएबल स्टॅकवरून गेलेलं असतं आणि लॅम्डाच्या हातात मोकळी जागा, वर कंपाइलर बहुधा चूं करत नाही आणि प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर कदाचित चालतोही. रस्ट हेच कंपाइल करायलाच नकार देतं, म्हणतं हे क्लोजर फंक्शनपेक्षा जास्त जगू शकतं, मूव्ह लिहा आणि मालकी आत द्या. नव्या पोरांना हा कंपाइलर कटकट्या वाटतो. मला नाही वाटत.

जावामध्ये लॅम्डात बाहेरचं काउंट वाढवायला गेलं की "फायनल किंवा इफेक्टिव्हली फायनल हवं" म्हणून अडवतं. बाकी भाषांमध्ये चालतं, जावाला काय त्रास आहे? (आठ वर्षं जावा, आता जावास्क्रिप्ट शिकतोय, ठाणे)

जावाने सरळ सांगितलंय की मी व्हेरिएबल पकडणारच नाही, व्हॅल्यू पकडीन. लॅम्डा तयार होतो तेव्हाच काउंटची व्हॅल्यू कॉपी होऊन आत जाते. आता मूळ काउंट स्टॅकवर वेगळा आणि लॅम्डातली कॉपी वेगळी, दोन्ही बदलायची मुभा दिली तर दोन वेगळे आकडे आणि बघणाऱ्याला वाटणार एकच व्हेरिएबल आहे. मग त्यांनी म्हटलं, बदलायचंच नाही, म्हणजे कॉपी काय आणि मूळ काय, फरक कळणारच नाही. १९९७ च्या जावा १.१ मध्ये इनर क्लास आले तेव्हा फायनल हा शब्द स्वतः लिहावा लागायचा, २०१४ च्या जावा ८ पासून न लिहिता चालतं, फक्त बदललेलं नसलं पाहिजे. दुसरं कारण थ्रेड्सचं, लॅम्डा दुसऱ्या थ्रेडवर चालला आणि लोकल व्हेरिएबल दोघांनी वाढवलं तर मग रामच वाली.

एका घटकाचा ॲरे करून त्यात काउंट ठेवायची युक्ती तुम्हाला कुणीतरी दाखवली असेलच. चालते, कारण पकडला जातो तो ॲरेचा रेफरन्स, आणि तो बदलत नाही. पण पॅरलल स्ट्रीममध्ये ती शांतपणे चुकीचा आकडा देते, एररही नाही. स्ट्रीमचं स्वतःचं काउंट किंवा सम वापरा, अगदीच हवं असेल तर ॲटॉमिकइंटिजर.

आणि जाता जाता, बार्शीच्या मुलाचा ३, ३, ३ वाला घोळ तुम्ही जावात करूच शकत नाही. साध्या फॉर लूपचा आय वाढतो म्हणून लॅम्डात घेताच येत नाही, फॉर-ईचचं व्हेरिएबल प्रत्येक फेरीला नवं असतं म्हणून घेता येतं आणि बरोबरच येतं. आठ वर्षं तुम्ही ज्याच्या नावाने बोटं मोडली त्या नियमाने तुम्हाला इतकी वर्षं वाचवलंय.

आमच्या टीमला गो १.२२ वर जायचंय. सीनियर म्हणतो लूपचा अर्थच बदललाय, जपून. भाषा अशी अर्थ बदलू शकते? (बॅकएंड, हिंजवडी)

क्वचित बदलते, आणि बदलली ते बरं झालं असं माझं स्पष्ट मत आहे. गोमध्ये लूपचं व्हेरिएबल पूर्ण लूपसाठी एकच असायचं, म्हणून लूपमध्ये गोरूटीन (बाजूने चालणारं काम) सुरू केली की सगळ्यांना शेवटचा आकडा, आणि म्हणून जुन्या गो कोडमध्ये लूपच्या पहिल्याच ओळीत एक्स कोलन बरोबर एक्स अशी वेडगळ दिसणारी ओळ असते. फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ पासून प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं, रेंजच्या लूपलाही आणि साध्या तीन भागांच्या लूपलाही.

हे फक्त नवशिक्यांचं दुखणं नव्हतं. फुकट एचटीटीपीएस सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था, त्यांचा सर्व्हर गोमध्ये लिहिलेला. एका सर्टिफिकेटवर बरीच डोमेन असली की सर्टिफिकेट द्यायची परवानगी आहे का ते प्रत्येक डोमेनच्या डीएनएसमध्ये परत तपासायचं होतं, आणि कोड एकच डोमेन तितक्या वेळा तपासत बसला, कारण लूपच्या व्हेरिएबलचा पत्ता घेतला होता आणि पत्ता सगळ्या फेऱ्यांत एकच. तिथे क्लोजर नव्हतं, पॉइंटर होता, पण मूळ तेच. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस ते सापडलं तेव्हा ३० लाखांहून जास्त सर्टिफिकेट्स या बगमध्ये अडकलेली निघाली. इतकी हुशार माणसं, कोड रिव्ह्यू होऊन, अशी फसतात तेव्हा माणसांना "सावध राहा" सांगून उपयोग नसतो, दोष भाषेच्या आखणीत असतो. सी शार्पच्या टीमनेही २०१२ मध्ये आवृत्ती ५ ला फॉरईचचा अर्थ असाच बदलला. साधा फॉर मात्र त्यांनी तसाच ठेवला, हे लक्षात असू द्या.

तुमच्या टीमसाठी: नवा अर्थ लागू होतो तो गो डॉट मॉड फाइलमधल्या गोच्या आवृत्तीच्या ओळीवरून. नुसता नवा कंपाइलर बसवला आणि ती ओळ १.२१ ठेवली तर जुनाच अर्थ चालू राहतो. आधी कंपाइलर बदला, टेस्ट चालवा, मग एका वेगळ्या कमिटमध्ये ती ओळ बदला, म्हणजे काही मोडलं तर कशामुळे ते लगेच कळेल.

रिॲक्टमध्ये युजइफेक्टच्या आत सेटइंटरव्हल लावलं, दर सेकंदाला काउंट अधिक एक. १ वर जाऊन अडकतं. (फ्रंटएंड, कोथरूड)

बार्शीच्या प्रश्नाच्या बरोबर उलट. तिकडे सगळ्यांना मिळून एकच व्हेरिएबल होतं, इकडे प्रत्येक रेंडरला, म्हणजे रिॲक्ट स्क्रीन परत काढतं तेव्हा, कंपोनंटचं फंक्शन परत चालतं आणि प्रत्येक वेळी काउंट नावाचं नवंकोरं व्हेरिएबल जन्माला येतं. तुमचा इफेक्ट रिकाम्या डिपेंडन्सी ॲरेमुळे (काय बदललं की इफेक्ट परत चालवायचा त्याची यादी) एकदाच चालला, त्यामुळे इंटरव्हलच्या हातात पहिल्या रेंडरचा काउंट आहे, जो कायम शून्य. दर सेकंदाला शून्य अधिक एक. सेटकाउंटला आकडा न देता फंक्शन द्या, जे आधीची व्हॅल्यू घेतं आणि एक मिळवून देतं, म्हणजे पकडायची गरजच उरत नाही. आणि लिंटरची (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाची) ती पिवळी वॉर्निंग कमेंट टाकून बंद केली असेल तर ती कमेंट काढा, तो हेच सांगत होता.

पीएचपीत यूज लिहावं का लागतं? (सोलापूर)

कारण पीएचपीत फंक्शनला बाहेरचं काही आपोआप दिसत नाही, २००९ च्या ५.३ मध्ये क्लोजर आलं तेव्हाही हा नियम ठेवला. यूजमध्ये लिहिलेल्याची कॉपी होते, अँडचं चिन्ह लावलं तर मूळच मिळतं. लिहायचा कंटाळा असेल तर ७.४ पासून एफएन हे छोटं रूप आहे, ते आपोआप पकडतं, पण कॉपीच, आणि त्यात एकच एक्स्प्रेशन बसतं.

क्लोजरमुळे मेमरी लीक होते म्हणतात. खरं का? मग वापरायचं नाही का? (नाव-गाव नको)

वापरा की. क्लोजर जिवंत आहे तोवर त्याने पकडलेलं जिवंत राहणार, हा लीक नव्हे, हेच तर त्याचं काम. त्रास होतो तो क्लोजर कुठेतरी विसरून राहिलं की, न काढलेला इव्हेंट लिसनर, न थांबवलेला इंटरव्हल, कधीच रिकामी न होणारी कॅश. क्रोममध्ये एक छुपी गोष्टही आहे: एकाच स्कोपमध्ये दोन फंक्शन्स बनली तर दोघांनी पकडलेली व्हेरिएबल्स एकाच सामाईक ऑब्जेक्टमध्ये ठेवली जातात, म्हणजे एका फंक्शनने मोठा ॲरे वापरला आणि ते मरून गेलं, पण दुसरं, ज्याला ॲरेशी काही देणंघेणं नाही, जिवंत राहिलं, तर ॲरेही अडकून राहतो. शंका असेल तर डेव्हटूल्सच्या मेमरी टॅबमध्ये हीप स्नॅपशॉट घ्या, पेजवर तीच कृती पाच-सहा वेळा करा, दुसरा स्नॅपशॉट घेऊन पहिल्याशी ताडून बघा. जो ऑब्जेक्ट वाढत चाललाय त्यावर क्लिक केलं की खाली रिटेनर्सची, म्हणजे त्याला कोणी धरून ठेवलंय त्यांची, यादी येते, त्यात कॉन्टेक्स्ट असं दिसलं की समजा कुठल्यातरी क्लोजरने धरून ठेवलंय, आणि तिथूनच वर चढत गेलात की कुठला लिसनर ते सापडतं. निनावी फंक्शन्सना नाव देऊन ठेवलं असेल तर हे शोधणं फारच सोपं जातं, नाहीतर यादीभर नुसतं ॲनॉनिमस, ॲनॉनिमस.